डॉटीचे मंगळवार

बरबँक, ११ मार्च २००९

आर्लिस,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी. "ड्वाइट सारखा डॉटी कुठे म्हणून विचारतो. मंगळवारी येऊ शकशील का?" खाली सहीसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी एका बाईने दुसरीला लिहावं आणि त्यात साधी तब्येतीची चौकशीही नसावी, हे तुम्हा नॉर्थ डकोटाच्या माणसांनाच जमतं.

येईन.

स्टुडिओतला प्रकार मला आधीच कळला होता. या गावात असलं काही लपत नाही. ड्वाइट सकाळी गाडी काढून फाटकाशी गेला, रखवालदाराने चेहरा ओळखला, हात केला आणि आत सोडलं. आमचं घर ज्या मंचावर उभं असायचं, तिथे आता स्वयंपाकाच्या स्पर्धेचं शूटिंग चालतं. हा गेला आणि कुणाच्या तरी ओट्याशी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "डॉटी अजून मेकअपमध्येच आहे का?" पोरं हसली म्हणे. मग त्यांना कळलं आणि कुणी तरी तुला फोन लावला.

'टटल हार्डवेअर' मालिकेत मी नऊ वर्षं त्याची बायको होते, तो हँक आणि मी डॉटी. घरी तू पन्नास वर्षं आहेस. त्याचं डोकं आता माझ्या नऊ वर्षांत जाऊन बसलंय, त्यात माझा हात नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण मी तुला ओळखते. त्या बक्षीस समारंभापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. त्याने बक्षिसाची बाहुली वर धरली, म्हणाला, "हे माझ्या बायकोसाठी," आणि कॅमेरा माझ्याकडे वळला. समोर लाल दिवा लागला की मी डोळे पुसते. सवय आहे. तू माझ्या शेजारीच बसली होतीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत माझे डोळे होते आणि तुझं कोपर होतं.

एक विचारायचं होतं. डॉटीचा निळ्या चौकटींचा एप्रन माझ्याकडे आहे. मालिका संपली त्या दिवशी मी तो पर्समध्ये कोंबून पळवला होता. घालून येऊ का? पोट वाढलंय, पण नाड्या लांब आहेत.

रॉझ टेडेस्को

&nbsp;

बरबँक, ८ एप्रिल

आर्लिस,

काल निघताना तू दारात विचारलंस, "तुम्ही दोघं बोलता बोलता मध्येच गप्प का होता?" विचारण्याची तऱ्हा अशी होती, की जणू आम्ही आत चमचे चोरत होतो. दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

आम्ही हशा संपायची वाट बघत असतो.

शुक्रवारी आमच्यासमोर खरे प्रेक्षक बसलेले असायचे. तू दोनदा आलीस, मग यायची बंद झालीस. विनोद झाला की थांबायचं. हशा वर चढतो, मग उतरायला लागतो, आणि तो उतरत असतानाच पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर ऐकू जात नाही, उशीर झाला तर वाक्य पडतं. यात ड्वाइटचा हात धरणारा कुणी नव्हता. आता तो तुमच्या बैठकीत, त्या तपकिरी खुर्चीत बसून म्हणतो, "डॉटी, अख्ख्या गावाची कुलपं माझ्या दुकानातून जातात, आणि माझं स्वतःचं दार कुणीही उघडतं." आणि थांबतो. तो त्यांना ऐकत असतो. मला काही ऐकू येत नाही, म्हणून मी त्याच्या डोळ्यांकडे बघते. तिथे कळतं हशा कधी उतरला ते. मग मी म्हणते, "हँक, आधी जेवून घे." हे वाक्य त्यांनी मला जवळपास प्रत्येक भागात दिलं होतं, त्यामुळे कुठेही चालतं.

आता तुझं. तू त्याची कॉलर सारखी करतेस तेव्हा तो हनुवटी वर करतो आणि "थँक यू, मिस" म्हणतो. त्याला तू कपडेपटातली बाई वाटतेस. हे तुला कळलेलं आहे, तरी कुणी तरी तोंडाने सांगावं म्हणून सांगितलं. काल तू कॉफी आणायला गेलीस तेव्हा तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "ती कपड्यांची बाई हात गार असले तरी काम चोख करते. तिला काढू नका म्हणावं." मी म्हटलं, सांगते.

आणि तू दुसरं जे विचारलंस, बुटांकडे बघत. तू खोलीत नसताना तो तुझं नाव घेतो का? नाही, आर्लिस. अजून नाही.

रॉझ

&nbsp;

बरबँक, १९ जून

आर्लिस,

दोन मंगळवार गेले. गॉर्डनचा फार्गोहून फोन आला होता. "आई म्हणते, सध्या येऊ नका." सध्या म्हणजे किती दिवस, ते त्याला माहीत नव्हतं. तुझा मुलगा चांगला आहे, पण दातांचा डॉक्टर झाल्यापासून कुठलीही बातमी 'आता जरा दुखेल' अशा आवाजात देतो.

तू कॉफीचा ट्रे घेऊन आत आलीस आणि त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. बरोबर. ते शुक्रवारचं चुंबन होतं. प्रत्येक भाग त्यावरच संपायचा. तो मान किंचित डावीकडे घ्यायचा, म्हणजे कॅमेऱ्याला त्याचा चेहरा मिळायचा आणि मला त्याचा कान. नऊ वर्षं आमच्याभोवती तंत्रज्ञ उभे असायचे आणि त्यातला एक नेमाने सँडविच खात असायचा. ट्रे ठेवून तू आत गेलीस, तेव्हा ड्वाइट मला म्हणाला, "आज प्रेक्षक थंड आहेत." तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. त्याच्या मनात काय होतं ते सांगते.

जे तुला विचारायचंय ते तू जन्मात विचारणार नाहीस, म्हणून मीच उत्तर देते. नाही. कधीच नाही. त्याने कधी विचारलं नाही.

तो तसला माणूसच नव्हता. सुरुवातीला या गावात तो घोड्यावरून पडून मरायचा, हे मला त्यानेच सांगितलं. तू टेलिफोन कंपनीत रात्रपाळी करायचीस आणि तो दिवसभर कुठल्या तरी टेकडीवर गोळी लागून मरायचा. संध्याकाळी तुला बसथांब्यावर सोडायला यायचा तेव्हा कानात धूळ असायची. मग हँक टटल मिळाला आणि सगळ्या देशाला वाटायला लागलं की हा माणूस जन्मला तोच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन. त्या एका सिनेमात त्याने खुनी केला होता, आठवतं? फार चांगला केला होता. मी पाहिलाय, मला धंद्यातलं कळतं. पहिल्या खेळाला तो तळघरातून सुरा घेऊन वर आला आणि थिएटर खो खो हसलं. पुढच्या आठवड्यात मेकअपच्या खुर्चीत डोळे मिटून तो मला म्हणाला, "रॉझ, ते हँकला हसले. पण घरी मीच गेलो ना." मी विचारलं, घरी काय झालं? म्हणाला, "आर्लिसने लेफ्सा भाजली, आमची बटाट्याची पोळी. लोणी लावलं. एक शब्द बोलली नाही." इतक्या समाधानाने म्हणाला की मेकअपवालीने ब्रश थांबवला.

त्यानंतर सिनेमावाल्यांनी त्याला बोलावलं नाही. कॉफीची जाहिरात, कार्टूनमधल्या अस्वलाचा आवाज, दुकानांची उद्घाटनं. शेवटच्या सिनेमात न्यायाधीश होता आणि वाक्यं टेबलावर चिकटवून ठेवलेली होती. ते सगळं तू पाहिलंस, मी नाही. मला त्याने फक्त हँक दिला. तेवढ्यावरून तू माझ्यावर रुसलीस तर माझ्याकडे परत द्यायला काहीच नाही.

मंगळवारी मला दुसरं काही नसतं. विनवणी म्हणून लिहीत नाही. नुसतं लिहिलं.

रॉझ

&nbsp;

बरबँक, २२ ऑगस्ट

आर्लिस,

माझ्या दारात फुलं आली आहेत. पायऱ्यांवर ठेवायला जागा उरली नाही. काचेच्या भांड्यांतून नूडल्स आणि चीज भाजून आणलंय शेजारपाजारच्यांनी, भांड्याखाली आपापल्या नावाची पट्टी चिकटवून. कार्डांवर 'मिसेस टटल' लिहिलंय. जुलैत तू मला परत येऊ दिलंस, त्याचे आभार मानायचे राहिले होते. ते आता मानते. काय वेळ निवडली आहे मी.

काल सुपरमार्केटमध्ये रांगेत उभी होते. हातात गोठवलेल्या मटारची पिशवी. एका अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. "तुमचा संसार किती छान होता हो," म्हणाली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मटार मधे होते, तिचा ब्लाउज भिजला. मी तिला सांगितलं नाही की त्याची बायको व्हॅन नाइजला आहे आणि तिच्या दाराशी बहुतेक कुणीही गेलेलं नाही. टीव्हीच्या बातम्यांत तुझं नाव बरोबर घेतलं, पण वर फोटो माझा होता.

फुलं टॅक्सीने पाठवते आहे. तुझ्या नावाची नाहीत, पण तुझीच आहेत. कार्डं काढून टाकली आहेत.

ड्वाइट गेला, आणि मला काही वाटत नाहीये. माझ्या माहेरी, बेयॉनला, माणूस गेला की बायका गल्लीला ऐकू जाईल असं रडतात. तुमच्याकडे कॉफी ठेवतात. मी दोन्ही करून बघितलं. रडणं हा तर माझा धंदा, सांगाल तेव्हा, सांगाल त्या डोळ्यातून. आज सकाळी खुर्चीत बसून वाट बघितली, पण काही येत नाही. मी सुन्न आहे. टोचलं तर कळेल, एवढंच.

गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "परवा तू आलीस तेव्हा त्याने माझं नाव घेतलं होतं का?" मी म्हटलं, नीट आठवून लिहिते. आठवायला काही नव्हतं. त्या शेवटच्या मंगळवारी तो पलंगावर पडून होता. मी एप्रन घालून शेजारी बसले. बराच वेळ तो छताकडे, जिथे आमचे दिवे टांगलेले असायचे तिथे बघत होता. मग म्हणाला, "झालं का आपलं?" मी म्हटलं, हो हँक, झालं. "घ्यायचंय का पुन्हा?" मी म्हटलं, नाही, हाच चांगला झाला. त्याने डोळे मिटले. एवढंच.

तुझं नाव त्याने घेतलं नाही. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. तुला बरं वाटावं म्हणून नाही, खरं आहे म्हणून सांगते, माझंही घेतलं नाही. रॉझ नावाची बाई त्या खोलीत कधी नव्हतीच. जे काही होतं ते डॉटीचं होतं, आणि डॉटीला तीन भिंतींच्या घरात राहायची सवय.

रॉझ

&nbsp;

बरबँक, १५ सप्टेंबर

आर्लिस,

फोनवर मी हो म्हटलं, पण तू लगेच ठेवून दिलास, म्हणून पुन्हा लिहून कळवते. मी करीन.

आधी मला राग आला होता. मग तू ती व्हर्नाची गोष्ट सांगितलीस. मिनॉटहून त्याची बहीण येते काय, तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच कपातून कॉफी पिते काय, आणि गॉर्डनसमोर, नातवंडांसमोर तुला म्हणते काय, "पन्नास वर्षं केलंस त्याचं, आणि शेवटी त्याला तुझं नावही आठवू नये? काही तरी कमी पडलं असणार." आणि तू कप विसळत राहिलीस. मी असते तर कप तिच्याच डोक्यावर विसळला असता. पण तू मला फोन केलास, आणि तुझ्यासाठी ते त्याहून अवघड असणार.

तू म्हणालीस, "नऊ वर्षं तू माझ्या जागेवर बसलीस. आता दोन मिनिटं माझ्या बाजूने उभी राहा. चर्चमधल्या स्मरणसभेत सगळ्यांसमोर सांग, की शेवटी त्याने माझं नाव घेऊन विचारलं." त्यावरच मी हो म्हटलं.

आता कामाचं. तू सांगितलेलं वाक्य चालणार नाही. 'माझ्या जन्माची सोबतीण आर्लिस कुठे आहे', असं ड्वाइट म्हणेल? तो जेवताना मीठसुद्धा बोटाने मागायचा. मी नुसतं "आर्लिस कुठाय?" ठेवते. वाक्य छोटं असलं की लोक विश्वास ठेवतात. आणि रडणार नाही. मी रडले तर ते पुन्हा माझ्याकडेच बघतील.

माझी एक अट आहे. पहिल्या रांगेत मधोमध तू बसायचंस. माझी खुर्ची शेवटच्या रांगेत, दाराजवळ. नाव पुकारलं की मी मागून चालत येईन. पाद्रीबुवांना सांगून ठेव, नाही तर ते मला हाताला धरून तुझ्या शेजारी आणून बसवतील. सगळ्यांचा हात आपोआप तिकडेच जातो.

एप्रन घरीच ठेवते. काळा पोशाख आहे माझ्याकडे, माझ्या दुसऱ्या नवऱ्याच्या वेळचा.

रॉझ

&nbsp;

बरबँक, ९ ऑक्टोबर

प्रिय आर्लिस,

तुझं पत्र आलं. तीन पानं. तुझ्या हातून मला आजवर दोनच ओळी आल्या होत्या, म्हणून आधी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला.

त्या दिवशी चर्चमध्ये तुझ्याशी बोलायला झालं नाही. मी बोलून खाली उतरले तेव्हा व्हर्नाने पर्समधून रुमाल काढलेला होता आणि तुझे खांदे धरले होते. पुढच्या रांगांतले सगळे तुझ्याकडे बघत होते, एक फोटोवालासुद्धा. मी मधल्या वाटेने सरळ मागे गेले. तळघरात कॉफी होती, तिथे तू गर्दीतून येऊन माझा हात धरलास आणि काही तरी विचारणार होतीस, पण कुणी तरी तुझ्या हातात ताटली दिली. मला वाटलं, आभार मानायचे असतील. मी मनात म्हटलं, राहू दे, आणि गाडी काढली.

आता कळलं काय विचारायचं होतं ते. तू लिहितेस, तो ते बसून म्हणाला की पडून? एकदाच म्हणाला की पुन्हा? आवाज कसा होता? मग तुला हाक का नाही मारली?

आधी वाटलं, तू थट्टा करतेस. मग लक्षात आलं, तू थट्टा करत नाहीस. कधी केलेली नाहीस. दोन दिवस पत्र टेबलावर तसंच होतं. मी त्याच्या बाजूने जेवले.

ऑगस्टमधलं माझं पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. मी तेव्हा धड शुद्धीवर नव्हते, काहीबाही लिहून गेले. फोनवर आपण जे बोललो तेही सोडून दे. तू सांगितलंस म्हणून मी चर्चमध्ये ते म्हटलं असं तुला कधी वाटलं, तर तसं नाही. तू विचारायच्या आधीच ते माझ्यापाशी होतं. मी ते धरून ठेवलं होतं. का, ते विचारू नकोस.

तर ऐक. शेवटचाच मंगळवार. तो पडून होता, मग म्हणाला, मला बसव. मी पाठीशी उशी लावली. खिडकीतून ऊन येत होतं, त्याच्या गुडघ्यापर्यंत. तू आत भांडी घासत होतीस, नळ चालू होता, म्हणून तुला ऐकू गेलं नाही. तो दाराकडे बघत होता. मी विचारलं, "काय हवंय, हँक?"

तो म्हणाला, "हँक कोण?"

मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर ते हसू आलं, हँकचं नाही, त्याचं स्वतःचं, एका बाजूचं. म्हणाला, "रॉझ, तू इथे काय करतेयस?"

मी म्हटलं, सहज आले होते.

"आर्लिस कुठाय?"

आवाज मोठा नव्हता. घरात आल्यावर माणूस विचारतो तसा. मी म्हटलं, स्वयंपाकघरात आहे, बोलावू का? मी उठलेच होते. त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, "नको. तिला काम करू दे. ती घरात आहे ना, मग झालं."

आणि आडवा झाला. तू नळ बंद केलास तोवर तो झोपला होता. तुला बोलावून त्याची झोप मोडू नये असं मला वाटलं.

एवढंच झालं, आर्लिस. पुन्हा म्हणाला नाही, पण एकदा म्हणाला. मी समोरच बसले होते.

रॉझ